नाव-गाव अज्ञात

खोली बघायला मी वडिलांबरोबर सांगलीला गेले, तेव्हा घरमालक फौजदारांनी दारातच वडिलांचा उजवा कान पाहिला. नमस्कार झाला, "या" झालं, आणि म्हातारा सरळ वडिलांच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला. मान पुढे, डोळे बारीक. सोनार नथीतला मोती बघतो तसं. वडील औंधला शिवणकाम करायचे. लोकांच्या छात्या-बाह्या मोजण्यात त्यांचा जन्म गेला, पण आपला कान कुणी मोजतंय हा अनुभव त्यांना नवा होता.

परत जाताना एसटीत वडील म्हणाले, "माणूस सभ्य दिसतोय. खोलीबी हवेशीर हाय. पण माझ्या कानात काय बघत हुता गं त्यो?"

मी हसले. नव्वदीचा माणूस, ऐकू येत नसेल म्हणून जवळ येत असेल, असं म्हणाले. राहायला गेल्यावर कळलं की फौजदारांचे कान शाबूत होते. इतके, की मी वर जिन्याच्या तोंडाशी चपला काढल्या की खालून आवाज यायचा, "आज डावी आधी काढली."

मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात नुकतीच लागले होते. गल्लीत दोन-तीन घरांवर टीव्हीच्या मोठ्या तबकड्या आल्या होत्या आणि संध्याकाळी सगळी गल्ली त्या घरांत जाऊन बसायची. फौजदार कुठे जात नसत. लहान चण, ताठ पाठ, सदऱ्याची गळ्यापर्यंत लावलेली बटणं. इंग्रजांच्या काळात ते शहर पोलिसात भरती झाले आणि फौजदार होऊन निवृत्त झाले. कुठलं शहर, ते कधी सांगत नसत. "शहरात असताना" एवढंच म्हणत, जसं काही जगात शहर एकच. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. मूळचे साताऱ्याचे. तिथलं वडिलोपार्जित घर विकून, कुणी ओळखीचं नसताना, ते सांगलीला आले होते. का आलात विचारलं, तर म्हणत, "बदली झाली."

"निवृत्त माणसाची बदली कोण करतं, काका?"

"ज्याचा तपास बंद व्हायचा राहिलाय, तो."

त्यांची बोली पंचनाम्याची होती. दूधवाला म्हणजे "दूध घेऊन येणारा इसम". एकदा मी ग्रंथालयातून आले तर पायरीवर उभे. म्हणाले, "सदर मांजर दुपारी तीनच्या सुमारास आपल्या खोलीत शिरलं. दुधाची खात्री करून घ्या." मला त्यांची गंमत वाटायची. महिन्याभराने त्यांनी मला खाली बोलावून एक जाडजूड वही पुढे ठेवली, तोवर.

"वाचा आणि सही करा."

वहीत त्यांच्या सगळ्या भाडेकरूंची वर्णनं होती. प्रत्येकाला एक पान. माझ्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'वय अंदाजे चोवीस. उंची पाच फूट एक. वर्ण गहूसावळा. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण. चालताना डावा खांदा किंचित खाली.' फौजदार बायकांकडे मान वर करून बघतसुद्धा नसत. माझ्याशी बोलतानाही त्यांची नजर उंबऱ्यावर असायची. हे सगळं त्यांनी पाहिलं कधी?

"कशाला हे, काका?"

"माणूस हरवतो. मग घरचे येतात. कसा दिसायचा विचारलं, की रडतात. रडण्यावरून माणूस सापडत नाही."

मी वर जाऊन आरशासमोर उभी राहिले. डावा खांदा खरंच खाली होता. पुढच्या खेपेला वडिलांना विचारलं, तर ते ओशाळून म्हणाले, "व्हय. तुझ्या झंपरात डावीकडं मी कापूस घालतो. तुला कशाला सांगायचं, म्हून बोललो न्हाई." सख्ख्या बापाने झाकलेली गोष्ट या माणसाने महिन्याभरात टिपून ठेवली होती, ती मी हरवले तर लागेल म्हणून. त्यानंतर जिना चढताना मला पाठीवर नजर जाणवायची. वळून पाहिलं तर फौजदार खाली वर्तमानपत्र वाचत असायचे.

रोज दुपारी चार वाजता ते एसटी स्टँडवर जात. आष्टा-इस्लामपूरकडच्या गाड्या जिथे लागतात, तिथल्या बाकावर सहापर्यंत बसत. गाडी आली की उठून दाराच्या उजवीकडे उभे राहत आणि उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाचा उजवा कान बघत. वीस-पंचवीस वर्षं चाललं होतं हे. कंडक्टर लोकांनी त्यांचं नाव 'कानबघ्या' ठेवलं होतं. सवयीचा माणूस हसून पुढे जायचा. नवखा बिचकायचा.

बाराच्या भोंग्याचा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो एका रविवारी. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली अंगणात फौजदार शेंगा फोडत बसले होते. गावातला बाराचा भोंगा सुरू झाला. त्यांनी सूप बाजूला सारलं, उठले, दोन पावलं पुढे गेले आणि कमरेत वाकले. तोंड जमिनीकडे, उजवा हात कानामागे. फरशीवर कुणीतरी पडलंय, पुटपुटतंय आणि यांना ते नीट ऐकू येत नाहीये, असं ते वाकणं. भोंगा संपेपर्यंत तसेच राहिले. मग कण्हत सरळ झाले, खिशातल्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि परत शेंगा घेऊन बसले.

भर उन्हात मी ओला कपडा तसाच हातात धरून उभी होते. अंगणातलं मांजर त्या फरशीपर्यंत आलं आणि वळसा घालून गेलं. मांजरं अशीच चालतात, असं मी स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या दिवसापासून मीही त्या फरशीवर पाय देईना.

पुढे लक्षात आलं, हे रोजचंच होतं. भोंगा झाला की ते असतील तिथे वाकत. दुकानात असले तर दुकानात, रस्त्यात असले तर रस्त्यात. गल्लीने कधीच बघायचं सोडून दिलं होतं.

एक दिवस स्टँडवर भांडण झालं. गाडीतून उतरलेल्या एका धिप्पाड पैलवानाचा कान बघायला फौजदार फारच जवळ गेले. त्याने त्यांची कॉलर धरली. "काय रं म्हाताऱ्या, काय हुंगतोयस? वेडबिड लागलंय व्हय?" मी ग्रंथालयातून परत येत होते, ओरडा ऐकून धावले. कशीबशी सोडवणूक केली आणि त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. सदऱ्याची वरची दोन बटणं तुटली होती. गळ्याशी उघडे पडलेले फौजदार मी पहिल्यांदाच पाहत होते.

चहा दिला. कप त्यांनी तसाच धरून ठेवला. म्हणाले, "चूक त्याची नाही. मला वाटलं, सापडला."

"कोण सापडला, काका? गेली पंचवीस वर्षं कुणाला शोधताय?"

त्यांनी उघडा पडलेला सदरा गळ्याशी मुठीत धरला. मग उंबऱ्याकडे बघत, जबाब द्यावा तसं सांगू लागले.

शहरात नोकरी लागून तीनेक वर्षं झाली होती. वय पंचविशीतलं. एका सकाळी गोदामांच्या मागच्या गल्लीत एक इसम पडला असल्याची वर्दी आली. कापसाची गाठ वरून सुटून त्याच्या अंगावर पडली होती. हे शिपायाला घेऊन गेले. शिपायाला हातगाडी आणायला पिटाळलं. गल्लीत राहिले दोघंच, फौजदार आणि तो. माणूस जिवंत होता. शुद्धीवर होता. यांची चाहूल लागताच त्याने आधी आपली जात सांगितली. गावाकडची सवय. म्हणाला, "साहेब, जरा लांबच ऱ्हावा."

"आणि मी राहिलो," फौजदार म्हणाले. "आठ पावलांवर. नंतर मी ती पावलं मोजली. आमच्या घरात तसलं पाळायचे. पुढं मी स्वतःला सांगायचो की अंगावर नवा डगला होता, रक्त लागलं असतं. पण डगल्याचं कारण खोटं. खरं कारण तेच."

तो माणूस काहीतरी सांगत होता. दोनदा सांगितलं त्याने. नाव सांगत असणार, गाव सांगत असणार. मरणारा माणूस दुसरं काय सांगणार? आवाज गेलेला. वाकून कान त्याच्या तोंडाशी नेला असता, तर ऐकू आलं असतं. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. भोंगा थांबला तेव्हा तो गेला होता.

"मला एकच शब्द कळला. 'कष्टाचा.' मी कष्टाचा, असं काहीतरी. मला वाटलं, कष्टाचा माणूस म्हणत असेल. मग प्रेत उचललं, दवाखान्यात नेलं. तिथं पंचनामा करायला मी वाकलो. मेल्यावर वाकलो. तेव्हा दिसलं. उजव्या कानाचा वरचा भाग गालाला मिळतो तिथं टाचणीच्या डोक्याएवढं भोक. टोचलेलं नव्हे. जन्मजात. अशा खुणा रक्तात उतरतात, बापाकडून लेकाला. मी सगळं लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, नाव-गाव अज्ञात." त्यांनी कप खाली ठेवला. "त्यात खोटं काहीच नव्हतं. कुणी मला विचारलंसुद्धा नाही. बेवारस म्हणून त्याची वाट लावली."

नोकरीतून मोकळे झाल्यावर एकदा ते सांगलीहून एसटीने चालले होते. रस्त्याच्या कडेच्या दगडावर गावाचं नाव वाचलं: आष्टा. कंडक्टर विचारत होता, "आष्ट्याचं कोण हाय?" फौजदार म्हणाले, तेव्हा कुठे त्यांना कळलं. कष्टाचा नव्हे. मी आष्ट्याचा.

"मग आष्ट्याला जाऊन विचारायचं ना, काका! तुमच्यातलं कोण शहरात गेलं आणि परत आलं नाही?"

"गेलो होतो. तीनदा. वस्तीच्या तोंडापर्यंत गेलो." त्यांनी मान हलवली. "तिथनं परत आलो."

भोंग्याच्या वेळी वाकून काय ऐकता, ते विचारायचा मला धीर होत नव्हता. त्यांनीच सांगितलं. इतकी वर्षं झाली, पण भोंगा वाजला की तो माणूस परत बोलतो. सुरुवातीला नुसता घशातला आवाज यायचा. मग वर्षा-दोन वर्षांनी अक्षरं सुटी होऊ लागली. त्यांनी वहीची शेवटची पानं उघडून दाखवली. पेन्सिलीने लिहिलेली रकानेच्या रकाने अक्षरं. 'रा?' असं कितीतरी पानं. मग 'राग? राघ?' आणि अलीकडच्या पानावर, जोर देऊन, एकच शब्द पुन्हापुन्हा: 'राघो. राघो. राघो.'

"नाव राघो," ते म्हणाले. "एवढं आता पक्कं झालंय."

मी वही मिटली. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. खोली सोडावी असंही मनात आलं. पण सोडली नाही.

दर दुसऱ्या शनिवारी मी विट्यावरून जाणाऱ्या गाडीने औंधला जायचे. पावसाळा संपता संपता, एका शनिवारी माझ्या पुढच्या सीटवर एक बाई बसली होती. पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा, मांडीवर औषधांची पेटी. पंचेचाळिशीची असेल. वाऱ्याने तोंडावर आलेली बट तिने कानामागे सारली आणि मला तिचा उजवा कान दिसला. वरचा भाग गालाला मिळतो तिथे, टाचणीच्या डोक्याएवढं भोक.

गाडीत गर्दी होती, कोंबड्या होत्या, पोरं रडत होती. मला काही ऐकू येईनासं झालं. फौजदारांनी इतक्या बारकाईने वर्णन केलेला मेलेला माणूस माझ्या वीतभर पुढे बसून खिडकीबाहेर बघत होता, असंच मला वाटलं. आणि मग एक साधी गोष्ट ध्यानात आली. पंचवीस वर्षं फौजदारांनी फक्त पुरुषांचे कान पाहिले होते. बापाकडून लेकाला, असंच ते म्हणाले होते. लेकीबाळींचा विचारच त्यांना शिवला नव्हता.

मी तिच्या खांद्याला हात लावला. "ताई, तुमचं माहेर आष्ट्याकडचं का?"

ती वळली. "व्हय. आष्ट्याला लागूनच वाडी हाय आमची. तुमी कोन?"

ती एका आरोग्य उपकेंद्रावर सिस्टर होती. सुट्टीला वडिलांकडे जायची आणि आष्ट्याच्या गाडीतून सांगलीत उतरून कामाच्या गावाकडे जाणारी गाडी धरायची. म्हणजे कित्येक वर्षं ती फौजदारांच्या बाकासमोरून, त्यांच्या अंगावरून गेली होती.

"कानाचं व्हय?" ती हसली. "आमच्या आबांला बी हाय. वडलांला माज्या. आज्याला बी हुतं म्हनं. आज्याला कुनी बघितलाय? त्यो आबा तान्हा असतानाच पळून गेला. आजी म्हनायची, भोकाच्या कानाची मानसं घरात टिकत न्हाईत."

तिला किती सांगावं ते मला कळेना. तिचा थांबा यायच्या आत मी एवढंच म्हणाले, की तुमचे आजोबा कदाचित पळून गेले नव्हते, आणि हे माहीत असलेला माणूस सांगलीत आहे. तिच्या तोंडावरचं हसू गेलं. पत्ता तिने औषधाच्या खोक्याच्या कागदावर लिहून घेतला.

फौजदारांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ते उडी मारून उठतील. ते खुर्चीत मागे सरकले. घाबरलेले दिसले. त्या दिवसापासून स्टँडवर गेले नाहीत. मला तेव्हा कळलं की त्यांना शोधायचं होतं, पण सापडायला नको होतं.

पुढच्या रविवारी सिस्टर आली. फौजदारांनी आयुष्यात पहिल्यांदा एका परस्त्रीकडे मान वर करून पाहिलं. मग विचारलं, "आजोबांचं नाव राघो?"

"न्हाई. भिवा."

"राघो नाही? दुसरं काही नाव? टोपणनाव?"

"भिवाच. राघो-बिघो आमच्यात कुनी न्हाई."

फौजदारांचा चेहरा इतका रिकामा झाला की मला बघवेना. "मग तो हा नव्हे," ते म्हणाले. "दुसरा कुणीतरी." तरीही सिस्टरने त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. आठ पावलांपर्यंत सगळं. ऐकताना तिने एकदाही मान खाली घातली नाही. उठताना म्हणाली, "आबांला सांगते. मग त्ये काय म्हनतील त्ये."

चार दिवसांनी आबा आले. पासष्टीचे, काटक, पांढरं धोतर, डोक्याला टोपी नाही. लेक मागे उभी. आबा उंबऱ्याच्या आत आले नाहीत. तिथेच उभे राहून त्यांनी डोकं डावीकडे वळवलं आणि उजवा कान पुढे केला.

"बघून घ्या. लेक म्हनली, तुमी कान बघता."

फौजदार उठले. जवळ गेले. बघितलं. त्यांचे ओठ हलू लागले. "उजव्या कानाचा वरचा भाग गालाला..." एवढंच बोलले आणि थांबले.

"माझ्या बापाचं नाव भिवा," आबा म्हणाले. "मी धा म्हैन्याचा आसंन तवा त्यो शहरात गेला. पैसं धाडीन म्हनला, एक सांगावा धाडला, आनि मग गप. तुमी म्हनता, त्यो मेला. मग काय म्हनाला त्यो शेवटी?"

"आष्ट्याचा म्हणाला," फौजदारांचा आवाज फाटला. "आणि राघो म्हणाला. पण तुमच्या वडिलांचं नाव भिवा. म्हणून सदर इसम..."

"राघू," आबा म्हणाले.

फौजदारांनी वहीकडे हात नेला.

"राघो न्हवं. राघू. त्ये माझं नाव." आबांनी दाराची चौकट धरली. "कागदावर मी दौलत. गावात दौलत. राघू मला दोघंच म्हनायची, आई आनि त्यो. पाळन्यावर लाकडाचा राघू टांगल्याला, त्याच्याकडं बघून मी हसायचा म्हून. आई मेल्यावर त्ये नाव गेलं. माझ्या लेकीला सुदीक ठावं न्हाई." सिस्टर बापाकडे बघत राहिली होती. तिने खरंच ते कधी ऐकलं नव्हतं.

साठ-पासष्ट वर्षं एक माणूस वाकून ऐकत होता, आणि ज्याला तो मेलेल्याचं नाव समजत होता ती मेलेल्याने लेकराला मारलेली हाक होती. ती घरातली हाक, जी घराबाहेर कुणी ऐकलेलीच नव्हती, या बंद बटणांच्या म्हाताऱ्याच्या वहीत रकानेच्या रकाने लिहिलेली होती. पहिल्याच दिवशी कानावर पडून आत कुठेतरी राहिली असेल, असं शहाणी माणसं म्हणतील. मीही तसंच म्हणते, दिवसा.

फौजदार खाली वाकले. आबांच्या पायाला हात लावायला. आबांनी झटक्यात पाय मागे घेतला.

"न्हाई. त्ये नगं. आता वाकून काय उपेग?"

फौजदार तसेच अर्धे वाकलेले.

"माझी आई जलमभर टाकलेली म्हून जगली. गाव म्हनलं, भिवानं दुसरी केली, बोटीवर गेला, हिच्यातच खोट हुती. म्या बी त्याला शिव्या दिल्या, साहेब. साठ वरीस शिव्या दिल्या. कुनाला? हाक मारत मेला त्याला!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. "तुमाला लिवता येतं न्हवं? कागद लिवून नाव-गाव पुसलं तुमी. आता कागद लिवूनच द्या. हुतं तसं. आनि कुनी दुसऱ्यानं न्हाई, तुमच्या हातानं."

तीन दिवस फौजदार लिहीत होते. किती कागद फाडले! शेवटी एक पान झालं. शाईने, ताठ अक्षरात. 'नामे भिवा, राहणार आष्ट्यानजीक वाडी, यांस मी मरणापूर्वी जिवंत पाहिले. ते शुद्धीवर होते. ते आपल्या मुलास हाक मारत होते. मी आठ पावलांवर उभा राहिलो. त्यांनी जात सांगितली म्हणून मी जवळ गेलो नाही. ते घर सोडून गेले नव्हते. त्यांना त्यांच्या घरी मी पोचू दिले नाही.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. पंच म्हणून माझी सही.

आबा येऊन कागद घेऊन गेले. घडी घालून छातीच्या खिशात ठेवला, पौर्णिमेला वस्तीत सगळ्यांसमोर वाचणार म्हणाले. आभार मानले नाहीत, माफ केलं असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाराचा भोंगा झाला. फौजदार अंगणात शेंगा फोडत होते. फोडतच राहिले. मी गच्चीवरून बघत होते. पहिल्यांदा बरं वाटलं. मग खाली जाऊन म्हणाले, "काका, भोंगा झाला." त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणाले, ओरडून म्हणाले. ते नुसते बघत राहिले. माझ्या डाव्या-उजव्या चपलेचा आवाज ओळखणारे कान एका रात्रीत बंद झाले होते. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय तर आदल्या दिवशीही झालंच होतं.

त्यानंतर मी पाटीवर लिहायचे आणि ते मोठ्या आवाजात बोलायचे, बहिरी माणसं बोलतात तसे. रोज एकच विचारायचे, "वाचला का त्यांनी? गावात वाचला का?" मी लिहायचे, 'अजून नाही. पौर्णिमेला वाचणार आहेत.' ते मान हलवायचे आणि पाटी स्वतःच पुसायचे. मांजर त्यांच्या पायाशी बसायचं. आता ते अंगणभर कुठेही फिरत होतं, त्या फरशीवरसुद्धा.

पौर्णिमेला दोन दिवस होते तेव्हा ते गेले. सकाळी मी चहा घेऊन गेले तर अंथरुणावर उताणे, हात छातीवर, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. अंत्ययात्रेला गल्लीतली दहा-बारा माणसं. शहराकडून कुणी आलं नाही. कळवायचं कुणाला, हेच माहीत नव्हतं. फाटकाबाहेर पांढऱ्या साडीतली सिस्टर उभी होती. तिरडी उचलली तेव्हा ती बाजूला झाली, आणि मी बघेपर्यंत निघून गेली. आबा आले नाहीत.

पौर्णिमेला आबांचा निरोप आला, कागद तुम्हीच वाचायचा, त्यावर तुमची सही आहे. मी आष्ट्याच्या गाडीत बसले आणि फौजदार ज्या वस्तीच्या तोंडावरून तीनदा परत फिरले होते त्या वस्तीत गेले. छोटंसं बुद्धविहार, चुन्याच्या भिंती. वंदना झाली. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, मांडीला मांडी लावून दाटीवाटीने बसलेल्या. आबांनी उभं राहून सांगितलं, "माझ्या बापाचा कागद आलाय. समद्यांनी ऐका."

मी वाचला. एकच पान, वेळ तो किती लागणार. 'ते आपल्या मुलास हाक मारत होते' या वाक्याला आबांनी भिंतीकडे तोंड केलं. मी शेवटपर्यंत वाचलं, फौजदारांच्या हुद्द्यासकट.

बायकांच्या मधोमध एक फार म्हातारी बसली होती. सिस्टरने मला मघाशीच कानात सांगितलं होतं, ही आजीची थोरली जाऊ. आजीला, म्हणजे सोनाला, टाकलेली म्हणायला सुरुवात हिनेच केली होती. म्हातारी म्हणाली, "बाई, त्ये हाकेचं परत वाच."

मी ते वाक्य परत वाचलं.

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून थोडी पुढे सरकली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आबांकडे पाहिलं नाही. आपल्या शेजारी, जमिनीपासून हातभर उंचीवर, तिथे कुणी बसलेलं असावं तसं पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "सोने, म्या खोटं बोलले गं."

आणि तिच्या शेजारच्या दोन बायका, कुणी काही न सांगता, सरकून बसल्या. मध्ये एका माणसाची जागा झाली.